गाणे सगळ्यांचे, ओळ कुणाची?

शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की आमच्या मुलांच्या वाट्याला एक गाणे ठरलेले असते. एकतेचे. नाटक इतरांचे, लावणी इतरांची, कोळीनृत्य इतरांचे. टोपी घालून, हातात हात धरून आपण सारे एक असल्याचे सांगायला मात्र शेख, बागवान, तांबोळी, मुल्ला यांचीच मुले लागतात. यात कुणाचा वाईट हेतू असतो असे आम्ही म्हणत नाही. पण वर्षानुवर्षे हेच करत आलेल्या मुलाच्या मनात एक गोष्ट पक्की बसते. गाणे म्हणजे आपल्या चांगुलपणाचा दुसऱ्याला द्यायचा दाखला, असे त्याला वाटू लागते.

हा दाखला बाजूला ठेवून मुलांना गाणे लिहायला बसवता येईल का, या प्रश्नातून आमचे काम सुरू झाले. आम्ही दोघे नवराबायको सोलापुरात शिक्षक. एकाचा विषय मराठी, दुसरीचा गणित. २०११ पासून दर शनिवारी, शाळा सुटल्यावर, आठवी ते दहावीच्या मुलामुलींना घेऊन आम्ही बसू लागलो. मुले बहुतेक मुस्लिम, पण काही पद्मशाली, काही लिंगायत, काही बौद्धही. सोलापूरच तसे आहे. एका गल्लीतून चालत गेले तर मराठी, तेलुगू, कन्नड आणि आपली दखनी अशा चार भाषा कानावर पडतात. शाळेत मराठी, घरात दखनी आणि मदरशात उर्दू अशी आमच्या मुलांची तीन दप्तरे असतात म्हणा ना.

पहिल्या शनिवारी सहा-सहा जणांचे चार गट केले आणि सांगितले, पावसावर गाणे लिहा. अर्ध्या तासाने चार गाणी आली. चारही गाण्यांत राम आणि रहीम एकाच छत्रीखाली भिजत होते. एकतेवर लिहा असे आम्ही एका शब्दानेही म्हटले नव्हते. पण मोठी माणसे आपल्याकडून काय ऐकू इच्छितात हे या मुलांना इतके पाठ झाले होते की पाऊससुद्धा त्यातून सुटला नाही. गंमत अशी की त्या वर्गातली निम्मी मुले सकाळी छत्रीवाचूनच आली होती.

पुढच्या शनिवारी आम्ही वेगळे सांगितले. घरातून निघण्याआधी पाहिलेली किंवा ऐकलेली एक गोष्ट आणा. मत नको, उपदेश नको, नुसती गोष्ट. मुलांनी काय काय आणले! विडीच्या सुपात अम्मीने विसरलेली कात्री. अब्बांच्या हातगाडीचे एका बाजूला ओढणारे चाक. नळाखाली लावलेल्या घागरींची रांग आणि रांगेत माणूस नसताना जागा धरून ठेवलेली एक वीट. शेजारच्या कारखान्यातला माग. त्याचा आवाज एका मुलाने तोंडाने काढून दाखवला, 'खटक... खटक...'. गणिताच्या बाईंनी फळ्यावर तो मोजला. खटकच्या तीन मात्रा, पुढची थांबलेली एक, झाल्या चार. दोनदा खटक म्हटले की आठ. हा तर कहरवा! ज्या आवाजाने रात्री झोप येत नाही म्हणून मुले कुरकुरत होती, तोच ताल निघाला. त्या दिवशी विटेवरचे गाणे झाले. शहराला तेव्हा चार-पाच दिवसांआड पाणी येत असे. मुलांनी लिहिले की उजनीचे पाणी दमून येते, म्हणून वीट त्याची वाट पाहत बसते. त्या गाण्यात राम नव्हता, रहीमही नव्हता. पण गल्लीतल्या सगळ्या घरांच्या घागरी त्यात होत्या.

गटाने गाणे लिहिणे म्हणजे सहा जणांनी एकेक ओळ लिहून खालीवर चिकटवणे नव्हे. तसे केले तर गोधडी होते, गाणे होत नाही. हळूहळू आमचे काही रिवाज ठरत गेले. गट पाच-सहा जणांचाच. त्याहून मोठा झाला की दोघे लिहितात आणि बाकीचे खिडकीबाहेर पाहतात. पेन्सिल एकाच्या हातात राहू द्यायची नाही. प्रत्येक कडव्याला हात बदलायचा. नाही तर ज्याचे अक्षर चांगले तो गाण्याचा मालक होतो, आणि अक्षर चांगले असलेल्याचा कान चांगला असतोच असे नाही. ओळ आधी मोठ्याने म्हणायची आणि मगच लिहायची. सगळ्यांना एका दमात म्हणता येत नाही ती ओळ अजून पिकलेली नाही असे समजायचे. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की दुसऱ्याची ओळ खोडायची असेल तर बदल्यात ओळ द्यायची. 'मला आवडली नाही' एवढ्यावर खोडरबर मिळत नाही. या एका नियमाने वर्गातली भांडणे निम्मी झाली आणि उरलेली कामाची झाली.

यात नवे काहीच नाही. आपल्या मराठी मुलखात गाणे एकट्याचे कधी होते? होनाजी बाळा हे नाव आपण एका माणसाचे समजतो, पण ती दोन माणसे. होनाजी शिलारखाने जातीने गवळी, बाळा करंजकर शिंपी. एकाने रचावे, दुसऱ्याने गावे आणि नाममुद्रा दोघांची मिळून एक. त्याच काळात जेजुरीचे सगनभाऊ हे शिकलगाराचा धंदा करणारे मुस्लिम शाहीर मराठी लावण्या-पोवाडे रचत होते. पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात, कव्वालीत कव्वालाच्या मागे हमनवा बसतात. दोघांचे काम एकच, ओळ उचलून धरायची. उचलून धरणारे नसतील तर शाहीरही एकटा आणि कव्वालही एकटा.

आणि बायकांचे विचाराल तर त्यांनी जात्यापाशीच हा वर्ग चालवला. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने पुढे न्यायची. आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर विजापूर आहे. तिथल्या सूफींच्या परंपरेतून दखनीत चक्कीनामे आणि चरखानामे आले. जाते फिरवताना आणि सूत काढताना बायकांनी म्हणायची ही गाणी. दळणाच्या लयीत अल्लाचे नाव, मुर्शिदाचे नाव. आमच्या नान्या-दाद्यांच्या तोंडी त्यातले काही ना काही राहिलेच असेल. सीमेलगतच्या गावांत मोहरमला म्हणतात त्या रिवायतीही अशाच, सगळ्या मेळ्याने मिळून म्हणायच्या.

बार्शीचे मेहबूब पटेल, म्हणजे आपले शाहीर अमर शेख (१९१६–१९६९), आमच्याच जिल्ह्यातले. आईच्या तोंडची लोकगीते ऐकत ते वाढले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले. त्या काळात गाणे गिरणीच्या दारात, मोर्चात, हजारो माणसांच्या तोंडी गेले. मुलांना आम्ही अमर शेखांचा फोटो दाखवतो तेव्हा एखादा तरी विचारतोच, 'सर, ये अपने में के थे?' आम्ही सांगतो, हो. आणि लगेच सांगतो की संयुक्त महाराष्ट्रासाठी ते गात होते तेव्हा समोरच्या गर्दीला हा प्रश्न पडला नव्हता.

घरून हरकती येतात. त्या खोट्या नसतात, म्हणून त्या ऐकून घ्यायला हव्यात. 'गाणंबजावणं आपल्यात चालत नाही,' असे एका पालकांनी दारात उभे राहून सांगितले. आम्ही त्यांना आत बसवले. मुले काय लिहितात ते वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, 'पेटी-तबला नको, बस्स.' आम्ही कबूल झालो. तेव्हापासून आमच्या वर्गात टाळ्या, बाक आणि एक दफ एवढेच वाजते. लग्नात दफ वाजवून गाण्याला हदीसमध्ये आधार असल्याचे आमच्या मोहल्ल्यातले मौलाना सांगतात. ज्यांना तेही नको त्यांची मुले टाळी देतात. यामुळे गाण्याचे काही बिघडले नाही. उलट शब्द ऐकू येऊ लागले.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मुलांनीच हट्ट धरला म्हणून फोनवर वर्ग घेतला. फोनवर बोलता येते, पण मिळून गाता येत नाही. प्रत्येकाचा आवाज थोडा थोडा मागे पडून येतो आणि टाळीवर टाळी बसत नाही. मग मुले एकेक कडवे आपापल्या घरी म्हणून पाठवू लागली. दोन महिन्यांत सतरा कडवी जमली. त्यांतली काही फार चांगली होती. पण पालुपद एकही मिळाले नाही. हे आम्हाला फार शिकवून गेले. कडवे एकट्याला सुचते. पालुपद सुचायला एका सतरंजीवर बसावे लागते. कुणीतरी चुकून काही बोलते, दुसरे हसते, तिसरे तेच चालीवर म्हणून बघते आणि सगळे एकदम म्हणतात, 'येईच! येईच लिखो!' आपल्या दखनीतला हा 'च' मराठीतूनच आलेला आहे, 'नको'सुद्धा. भाषा शेजारी राहिल्या की शब्द मागायला एकमेकींच्या दारात जातातच.

अलीकडे मुलांना रॅप हवे असते. २०१९ मध्ये 'गली बॉय' आला तेव्हापासून जास्तच. त्यालाही आमची ना नाही. त्यात शब्द भरपूर मावतात, गल्लीची भाषा चालते आणि ज्याला सूर नाही तोही पुढे येतो. अडचण एकच. रॅपमध्ये 'मी' फार मोठा असतो. म्हणून आमचा आग्रह एवढाच, की 'मी'ची कडवी कितीही करा, पालुपद 'आपलं' हवे.

आता त्या गाण्याविषयी सांगायला हवे, ज्याच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

२०१६ चा डिसेंबर. एका गटात तीन मुली, तीन मुलगे, सगळे दहावीचे. विषय त्यांनीच निवडला होता, शाळेची घंटा. पालुपद लवकर जमले.

अम्मी, थोडं थांब ना गं,
घंटा अजून झाली नाही.

चाल गोड होती. पहिले कडवे डब्याचे, दुसरे मैदानाचे. तिसऱ्याला पेन्सिल एका मुलीकडे आली. ती वर्गात फार बोलत नसे. तिने ओळ म्हटली,

आपाचं दप्तर माळ्यावर, धूळ बसली दोन बोटे.

सगळे गप्प झाले. तिच्या मोठ्या बहिणीची शाळा दहावीनंतर बंद झाली होती आणि ते सगळ्यांना ठाऊक होते. मग एक मुलगा म्हणाला, 'ये लाइन नको. संमेलनाला सगळी शाळा असणार. लोक म्हणतील, बघा, यांच्यात असंच असतं.' दुसऱ्याने मान डोलावली. 'बदनामी आपलीच होणार.' मुलगी म्हणाली, 'लेकिन दप्तर तो है ना माळे पे.'

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. हा वाद आम्हाला नवा नव्हता. १९९० साली याच सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्यापैकी जो जो लिहायला बसला त्याच्या मनात हा वाद झालेला आहे. घरातले दुखणे लिहावे तर बाहेरचे ते हत्यारासारखे उचलतात. न लिहावे तर घरातले माणूस दुखत राहते. मोठमोठ्या लेखकांना न सुटलेला प्रश्न दहावीच्या सहा मुलांसमोर एका ओळीच्या रूपाने येऊन बसला होता. मतदान घेतले असते तर ओळ चार विरुद्ध दोनने पडली असती. पण खऱ्या-खोट्याचा निकाल हात वर करून लागत नाही. आम्ही फक्त नियमाची आठवण दिली. ओळ खोडायची असेल तर बदल्यात ओळ द्या. आणि एवढेच जोडले, की दिलेली ओळ या ओळीइतकी खरी हवी.

त्या शनिवारी कुणालाच ओळ सापडली नाही. पुढच्या शनिवारी ज्या मुलाने आधी विरोध केला होता तोच पेन्सिल मागू लागला. म्हणाला, 'खोडायची नाही. तिच्याखाली लिहायचीय.'

भाईचं दप्तर गॅरेजात, त्यात पाने छोटे-मोठे.

त्याच्या भावाने नववीतच शाळा सोडली होती. दप्तर मात्र टाकून दिले नव्हते. गॅरेजातले पाने तो त्यातच ठेवत असे. मात्रांचे म्हणाल तर दुसऱ्या ओळीत दोन्ही चरणांत एकेक मात्रा जास्त होते. गणिताच्या बाईंनी ती दाखवून दिली. 'गॅरेजऐवजी दुसरा शब्द बघ,' म्हणाल्या. मुलगा म्हणाला, 'मॅडम, ते गॅरेजच आहे.' मुलांनी म्हणतानाच ती जादा मात्रा गिळून टाकली आणि ओळ बसली.

पाहा, काय झाले. पहिली ओळ एकटी असती तर बाहेरच्याला म्हणता आले असते की हे लोक मुलींना शिकवत नाहीत. दुसरी ओळ खाली येताच दिसू लागले की घर चालवायला पैसे कमी पडतात तेव्हा मुलीचेही दप्तर जाते आणि मुलाचेही. फक्त एक माळ्यावर जाते आणि दुसरे कामाला जाते. दोन्हींत फरक आहे, आणि तो फरकही गाण्यात राहिला. मुलाच्या दप्तरात निदान पाने आहेत, मुलीच्या दप्तरावर नुसती धूळ. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. आपण त्यावर परिसंवाद घेतले, लेख लिहिले. त्यातले दुखणे या सहा मुलांनी दोन ओळींत आणून ठेवले, आणि ते करताना कुणाला लपवले नाही की कुणाला चव्हाट्यावरही आणले नाही.

संमेलनात गाणे झाले. 'अम्मी, थोडं थांब' असे सगळ्या शाळेने त्यांच्याबरोबर म्हटले. टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीचे अब्बा आमच्याकडे आले. चेहरा उतरलेला. एवढेच म्हणाले, 'ती माळ्याची ओळ कुणी लिहिली?' आम्ही उत्तर देण्याआधी मागे उभ्या असलेल्या सहाही मुलांतून आवाज आला, 'हमारी है, चाचा.' ते खोटे नव्हते. ओळ सुचली एकीला, पण ती ठेवायची हे सहा जणांनी मिळून ठरवले होते. अब्बा थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. ती मुलगी पुढे अकरावीला गेली. गाण्यामुळे गेली असे आम्ही म्हणणार नाही. घरात काय बोलणे झाले ते त्या घरालाच ठाऊक.

मिळून केलेल्या गाण्याचा हा मोठा आधार आहे. ज्याला एकट्याने बोलायची सोय नाही त्याचे बोलणे गटाच्या पदराखाली सुरक्षित राहते. पण त्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती त्याच मुलीने आमच्यासमोर ठेवली. निकाल लागल्यावर भेटायला आली तेव्हा म्हणाली, 'सब बोलते, गाना अच्छा था. मेरी लाइन थी, ये किसी को मालूमच नै.' तक्रार नव्हती. पण प्रश्न होता. 'आपली' म्हणता म्हणता 'माझी' कायमची पुसली जाते का?

जात्यावरच्या बायकांचे असेच झाले. शेकडो वर्षे त्या रचत आल्या आणि आपण त्यावर 'लोकसाहित्य' असा शिक्का मारून मोकळे झालो. जणू लोक म्हणजे कुणीच नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या कामातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. ओवी कुणी सांगितली आणि ती कोणत्या गावची, हेही त्यांनी टिपून ठेवले. ओवी सगळ्या बायकांची, पण सांगणारीला नाव आहे.

त्यावरून आम्ही एक वही घातली. गाणे जसे झाले तसे उजव्या पानावर. डाव्या पानावर प्रत्येक ओळीसमोर एक जागा, ज्याने ती दिली त्याच्यासाठी. पण तिथे आम्ही नाव लिहीत नाही. ते ज्याचे त्याने, वाटेल तेव्हा यावे आणि लिहावे. त्याच दिवशी लिहिले तरी चालेल, दहा वर्षांनी लिहिले तरी चालेल, लिहिलेच नाही तरी चालेल. आडोसा हवा तोवर आडोसा, नाव हवे तेव्हा नाव. दोन्ही त्याच्या हातात.

जुनी गाणीही आम्ही त्या वहीत उतरवली. विटेच्या गाण्यात आता सगळी नावे आहेत. पावसाच्या त्या पहिल्या चार गाण्यांपुढे एकही नाव नाही. ती कुणालाच आपली वाटत नसावीत. घंटेच्या गाण्याचे पान काढले तर माळ्याच्या ओळीसमोर निळ्या शाईत एक नाव दिसते. तीन वर्षांनी येऊन तिने ते लिहिले, आडनावासकट, अगदी सावकाश. तिच्या खालची, गॅरेजच्या ओळीची जागा कोरी आहे. तो मुलगा आता त्याच गॅरेजात भावाशेजारी काम करतो. आमची स्कूटर तिथेच दुरुस्त होते. भेटला की सलाम करतो, 'सर, शनिवार सुरू है ना?' एवढे विचारतो. आम्ही सांगतो, सुरू आहे, ये. वही तशीच ठेवली आहे.